दोनशे अकरा दिवसांची जोडी

माझी आणि कुंदा शेटेची जोडी दोनशे अकरा दिवसांची होती. साताऱ्यात एवढा आकडा दुसऱ्या कोणाचा नव्हता. पोवई नाक्यावरच्या मुद्रा केंद्रात आमचा फोटो लावला होता, दोघी शेजारी शेजारी, हातात चकत्या आणि खाली आकडा. नवराबायकोच्या जोड्या शंभराच्या आत घुटमळत असताना सत्तरी ओलांडलेल्या दोन बायकांनी दोनशेचा पल्ला गाठला, याचं लोकांना फार कौतुक. मला त्याहून जास्त. केंद्रात काही काम नसलं तरी मी अधूनमधून तिथे डोकावून यायची, फोटो जागेवर आहे ना ते बघायला.

हे सगळं सुरू झालं माझ्या डाव्या डोळ्यामुळे.

आम्ही दोघी बाळंतविडे शिवायचो. झबली, कुंची, टोपडी, लाळेरी, दुपटी, सगळं मऊ मलमलीचं. गिऱ्हाईक परदेशातलं, न्यू जर्सी, सिंगापूर, मेलबर्न अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मुलींचं. तिकडे सगळं मिळतं, पण कुंची मिळत नाही. कापायचं काम कुंदाचं, शिवायचं माझं आणि शेवटची गाठ पुन्हा कुंदाची. तान्ह्या अंगाला गाठ टोचू नये म्हणून ती दोरा तीनदा फिरवून टोक दोन कापडांच्या मध्ये असं सरकवून द्यायची की बोट फिरवलं तरी गाठ सापडू नये. मला ते कधीच जमलं नाही. मी एकदा प्रयत्न केला तर म्हणाली, "शरे, ही गाठ आहे की चणा?"

पैसे यायचे एका ऑनलाइन कंपनीमार्फत. नाव लिहीत नाही, लिहिण्याची तिची लायकी नाही. चार वर्षं सुरळीत चाललं. मग एके दिवशी ॲपमधली बाई म्हणाली की माझी ओळख पुन्हा पटवायची आहे. बाई म्हणजे यंत्रच, पण आवाज असा की जणू आपल्याला हळदीकुंकवाला बोलावतेय.

"शरयूजी, कृपया उजवा डोळा मिटा."

मी मिटला.

"धन्यवाद. आता डावा डोळा मिटा."

साठीत माझ्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. बाकी सगळं सुधारलं, पण डावी पापणी अर्ध्यावरच थांबते. मी थांबले, बाई थांबली.

"कृपया डावा डोळा मिटा."

"अगं बये, नाही मिटत तिचा," कुंदा शेजारून म्हणाली. "दहा वर्षं झाली. झोपली तरी बघतच असते."

"कृपया पडद्यावर एकच व्यक्ती असू द्या."

तिसऱ्यांदा तेच झाल्यावर कुंदाचा धीर सुटला. तिनं आपलं बोट माझ्या पापणीवर ठेवलं आणि ती हलकेच खाली ओढली. आमच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, "चेहऱ्यावर परका हात आढळला आहे. आपल्या सुरक्षेसाठी खातं थांबवण्यात येत आहे."

पैसे अडकले ते अडकलेच. अकरा महिने मी त्यांच्या मागे होते. मी पत्रं लिहिली, डॉक्टरांचा दाखला जोडला, फोन केले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, आपण पुन्हा प्रयत्न करू शकता. माणूस कुठे भेटेचना. मला जुन्या दिवसांची आठवण यायची. लहानपणी मामाची मनिऑर्डर यायची. पोस्टमन ओसरीवर बसून आईचा अंगठा घ्यायचा, पाणी प्यायचा आणि मामाच्या तब्येतीची चौकशीही करायचा. त्याला आईचे दोन्ही डोळे ठाऊक होते. वीस पैशांचं पितळी नाणं असायचं तेव्हा, कमळाचं. ते मी आणि कुंदा मुठीत आळीपाळीनं धरून शाळेत जायचो, अर्ध्या रस्त्यापर्यंत ती, अर्ध्या रस्त्यापासून मी. नाणं देताना कोणी कोणाला ओळख विचारली नाही.

कुंदा त्या अकरा महिन्यांत स्वतःच्या बोटाला शिव्या घालायची. "परका हात म्हणे! पन्नास वर्षं ह्या थोबाडाला पावडर लावतेय मी."

मग जोडमुद्रा आली.

केंद्रातल्या मृण्मयी नावाच्या मुलीनं आम्हाला ती समजावून सांगितली. पोरगी हुशार, पण बोलायची आपल्यासारखी. तिनं टेबलावर रुपयाएवढी काळी चकती ठेवली.

"आजी, ह्याच्या आत हिरा आहे. कारखान्यात वाढवलेला, मोहरीएवढा. त्यात मुद्दाम दोष ठेवलेत. हिरा म्हणजे नुसते कार्बनचे अणू ना? त्यातला एक काढून तिथे नायट्रोजनचा बसवायचा आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी सोडायची. त्या रिकाम्या जागेत एक इलेक्ट्रॉन अडकतो. तो कसा फिरतोय, ती त्याची स्थिती, तेच आपलं नाणं."

"आणि कोणी नक्कल केली तर?" कुंदानं विचारलं.

"करताच येत नाही. नक्कल करायला आधी वाचावं लागतं, आणि इतकी बारीक स्थिती वाचायला गेलं की विस्कटते. म्हणून खऱ्याखोट्याचा निवाडा करणारी कंपनी मधे लागत नाही. दुकानदाराच्या चकतीला तुमची टेकवली की नाणं इकडून तिकडे. परदेशातून पाठवलेलं ह्या केंद्रातल्या तारेवरून येतं. डोळे मिटायला कोणी सांगणार नाही."

मी तेवढ्यावरच सही करायला तयार होते.

"एकच आहे," मृण्मयी म्हणाली. "हे नाणं विटतं."

विटतं म्हणजे इलेक्ट्रॉनची ती स्थिती हळूहळू बिघडत जाते आणि शेवटी नाणं नाहीसं होतं. ती बिघडू नये म्हणून दुसऱ्या माणसाच्या चकतीशी आपली चकती पंधरा मिनिटं लावून ठेवायची. दोन्हींतले इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंततात आणि एकीतल्या चुका दुसरीच्या आधारानं दुरुस्त होतात. एका माणसाला एकच चकती मिळते, ती त्याच्याच अंगठ्याच्या नाडीवर उघडते, त्यामुळे स्वतःशीच जोडी लावायची सोय नाही. आणि त्याच माणसाबरोबर पुन्हा पुन्हा लावली की दर वेळी दोघांमध्ये थोडी जास्त गुंतवण शिल्लक राहते, नाणी जास्त दिवस टिकतात. किती दिवस, तो आकडा लावल्यावर चकतीवर उमटतो.

"आणि समजा, आज हिच्याशी लावली, उद्या तिच्याशी?" मी विचारलं.

"मग दोघींशी कमी. दोन चकत्या एकमेकींत पूर्ण गुंतल्या तर तिसरीसाठी काही उरतच नाही. तिसरीत जेवढं गुंताल तेवढं पहिलीतून सुटतं. हा सरकारचा नियम नाही आजी, अणूंचाच आहे."

"मग तुमच्या यंत्राशीच लावली तर?" कुंदा म्हणाली. "कोणाची मिनतवारीच नको."

मृण्मयी हसली. "यंत्राला रोज हजार चकत्या लागतात. ते कोणाशीच धड गुंतत नाही. त्याच्याशी लावलीत तर दोन दिवस मिळतील."

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली होती, तेव्हा ती मला महत्त्वाची वाटली नव्हती. एकट्या चकतीकडे कितीही बघत बसलं तरी दुसरीनं मधल्या काळात काय केलं ते कळत नाही. ते कळतं दोन्ही पुन्हा एकत्र आणल्यावरच.

आम्ही पहिल्यांदा चकत्या लावल्या तेव्हा आकडा आला तीस. मग पन्नास, नव्वद, दीडशे. गावात तोवर धुमाकूळ सुरू झाला होता. आमच्या गल्लीतल्या एका प्राध्यापकाचा आणि बायकोचा आकडा अचानक निम्म्यावर आला, बाई चकती घेऊन माहेरी गेली, मग कळलं की तो परस्पर धाकट्या भावाशी लावत होता. लग्नाच्या बैठकीत पत्रिकेबरोबर आकडा विचारायला लागले. मी सगळं ऐकायची आणि आत कुठेतरी सुखावायची. आमचा आकडा चढतच होता.

तो दोनशे अकरावर पोचला तेव्हा कुंदा मुलाकडे गोडोलीला राहायला गेली. चौथा मजला, लिफ्ट, बाल्कनीतून अजिंक्यतारा दिसतो. माझे गुडघे दुखायचे, तिची सून कामाला जायची, नातीला सांभाळायला घरी कोणी हवं. आम्ही कामं वाटून घेतली. ती कापून पाठवायची, मी शिवून पाठवायची, ती गाठी मारून तिथूनच पार्सल करायची. ने-आण करायला माणूस यायचा. चकत्यांचं म्हणाल तर सात महिने बघायला नको होतं. मी सगळ्यांना सांगायची, "आमची जोडी अशी आहे की सात महिने भेटलो नाही तरी हरकत नाही." अभिमानानं सांगायची.

मग मेलबर्नहून एक कुंची परत आली. माप चुकलं होतं. मापं मीच लिहून घ्यायची, म्हणजे चूक माझी, म्हणून ती माझ्याकडे आली. उसवायला घेतली आणि सवयीनं आतून बोट फिरवलं.

बोटाला गाठ लागली.

मी चष्मा लावला, खिडकीशी गेले. दोरा दोनदाच फिरवला होता. टोक लपवलं होतं, पण उलट्या बाजूनं, डावऱ्या माणसानं लपवावं तसं. काम सफाईदार होतं. हेच मला जास्त लागलं. गबाळं असतं तर म्हटलं असतं की कुंदाचे हात थरथरायला लागले.

मी फोन केला.

"कुंदे, गाठी कोण मारतंय?"

"शर्मिष्ठाताई येतात खालच्या मजल्यावरच्या. गुप्ते. पुण्याच्या आहेत. बसल्या बसल्या मदत करतात."

"डावऱ्या आहेत का?"

"तुला गं कसं कळलं?"

"विचारलं आपलं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पाचवीत असताना कुंदा एक सहामाही पुष्पा ससाणेच्या शेजारी बसली होती. बाईंनी बसवलं म्हणून बसली, पण नंतर बाईंनी मोकळीक दिली तरी महिनाभर उठली नाही. पुष्पाकडे वासाचं खोडरबर होतं. त्या गोष्टीला साठ वर्षं होऊन गेली, पुष्पा बिचारी केव्हाच वारली, पण त्या खोडरबराचा गुलाबी रंग मला आजही जसाच्या तसा दिसतो. शर्मिष्ठा गुप्तेला मी पाहिलं नव्हतं. तरी माझ्या डोळ्यांसमोर तिचं नाक, तिचे केस, तिची हसताना मान मागे टाकायची लकब, सगळं तयार झालं. कुंदा तिच्यासमोर कोणत्या गोष्टी सांगत असेल? आमच्या सहलीतली गाडी चुकल्याची सांगितली असेल? ती तर माझी गोष्ट होती, गाडी मी चुकवली होती.

दोनशे अकरा दिवस संपायला अजून महिना होता. मी थांबले नाही. रिक्षा केली आणि गोडोलीला गेले.

कुंदानं दार उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. हे मी प्रामाणिकपणे लिहिते. "शरे! आज कशी वाट चुकलीस?" तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, खुर्ची पुढे केली.

"चकती आण," मी म्हणाले.

"आत्ता? अजून महिना आहे की. आधी चहा..."

"चकती आण."

तिनं आणली. आम्ही दोन्ही चकत्या टेबलावर कडेला कड लावून ठेवल्या, वर अंगठे ठेवले. पंधरा मिनिटं अंगठे तसेच. समोर कापलेल्या झबल्यांची चळत होती आणि तिच्यावर कोणाचातरी सोनेरी काड्यांचा चष्मा. कुंदाला चष्मा नाही, तिची मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली.

आकडा उमटला. चौऱ्याऐंशी.

"किती वेळा लावलीस तिच्याशी?"

"दोनदा." कुंदानं नजर चुकवली नाही. "त्यांचं कोणी नाही गं इथे. केंद्रातल्या यंत्राशी लावायच्या, दर दोन दिवसांनी रिक्षानं जायच्या. मी म्हटलं, बसलोच आहोत, लावू."

"म्हणजे दया आली म्हणून?"

"पहिल्यांदा दया आली म्हणून." तिनं चळतीवरचा चष्मा उचलून बाजूला ठेवला. "दुसऱ्यांदा बरं वाटलं म्हणून."

"मला विचारायचं नाही?"

"कधी विचारू? तू येतेस कुठे? सहा महिन्यांत एकदा आलीस, तीही आज, आणि चहासुद्धा घेईनास." आता तिचा आवाज चढला. "तुला फोटो हवा होता केंद्रातला. तो आहे की भिंतीवर. मला दुपारी बोलायला कोणीतरी हवं होतं."

"मग बस बोलत," मी म्हणाले. पिशवी घेतली आणि निघाले. लिफ्टपर्यंत ती आली नाही. मी मागे वळून बघितलं नाही, म्हणून खरं तर आली की नाही ते मला माहीत नाही.

पुढचे दिवस मी एकटीनं काम केलं. स्वतः कापलं, शिवलं आणि गाठीही माझ्याच चण्यांसारख्या मारल्या. चकतीवरचा आकडा रोज एकानं उतरत होता. चौसष्ट, त्रेसष्ट. तो शून्यावर आला की त्या वर्षाची माझी सगळी कमाई विटून जाणार होती, मलमलवाल्याला द्यायची होती तीसुद्धा. दर दोन दिवसांनी केंद्रात यंत्रापुढे जाऊन बसायचं, ते आमच्याच फोटोखाली? मृण्मयीनं विचारलं असतं, "आजी, कुंदाआजी कुठेत?" त्यापेक्षा सगळं विटलेलं परवडलं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत कंपनीचा फोन आला. तीच गोड बाई.

"शरयूजी, आपण आमच्याकडे परत यावं अशी आमची इच्छा आहे. आम्ही आपल्या डोळ्याची नोंद घेतली आहे. आपली थांबवलेली रक्कमही मोकळी करता येईल. आपल्याकडची नाणी केंद्रातून थेट आपल्या खात्यात वळवता येतील."

लोक चकत्यांकडे वळले तसं कंपनीचं गिऱ्हाईक गळायला लागलं होतं, तेव्हा कुठे त्यांना माझा डोळा दिसला. मला हे सगळं समजत होतं. तरी मी ऐकत राहिले. कारण एक गोष्ट त्या बाईत होती, जी कुंदात नव्हती. ती माझी नव्हतीच, त्यामुळे दुसऱ्या कोणाची होण्याचा प्रश्न नव्हता. तिनं माझे पैसे अडवले तसे हजारोंचे अडवले, माझ्याशी गोड बोलली तशी हजारोंशी बोलली. तिच्यामुळे माझा संताप झाला होता, पण छातीत असं काही जळलं नव्हतं.

मी अर्ज भरायला घेतला. नाव, वय, धंदा. डोळ्याचा रकाना खरोखरच वेगळा ठेवला होता. मग एक रकाना आला, आपल्याला दहा वर्षांहून अधिक काळ ओळखणारी, कुटुंबाबाहेरची एक व्यक्ती. नाव आणि फोन.

मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले. मलमलवाला? त्याचा बाप मला ओळखायचा. मृण्मयी? तिला तीन वर्षं झाली. शेजारचे सगळे नवे. माझ्या पिढीतल्या बायका एकेक करून गेलेल्या. शेवटी लिहिलं, कुंदा शेटे. मनात म्हटलं, ती फोन उचलायची नाही, आणि उचलला तरी ठेवून देईल. अर्ज अडकेल, बरंच होईल.

चार दिवसांनी कंपनीचा संदेश आला. आपल्या संदर्भ-व्यक्तीचे निवेदन खालीलप्रमाणे आहे, वाचून संमती द्यावी. खाली कुंदाचं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं होतं, यंत्रानं एक शब्द गाळला नव्हता.

"हो, ओळखते. किती वर्षं ते मोजलं नाही. हो, तीच ती, डावा डोळा न मिटणारी. नाही, ती फसवणार नाही कोणाला. हट्टी आहे. शिवण चांगली आहे, गाठी भिकार आहेत. काय? विश्वासार्ह म्हणजे? अहो, तिच्या हातात घराची किल्ली देऊन मी बाळंतपणाला गेले होते, परत आले तर भांडी घासलेली होती. आणखी काय सांगू? हे बघा, तो हात परका नव्हता, माझा होता, आणि तुम्ही तिचे पैसे आधी द्या, मग बाकीचं विचारा. जेवते का ती नीट? तुम्हाला कुठून माहीत असणार म्हणा. ठेवा."

खाली दोन बटणं होती, संमती आणि नकार. मी दोन्हीतलं एकही दाबलं नाही.

मी लगेच उठून गोडोलीला धावले असं सांगितलं तर ते खोटं होईल. ते निवेदन मी रोज एकदा वाचायची आणि रोज नव्यानं चिडायची. गाठी भिकार आहेत! चकतीवरचा आकडा एकवर आला तेव्हा कुठे गेले. मंगळवार होता, दुपारचे तीन वाजले असतील.

दार उघडलं ते कुंदानं नाही. उंच, किडकिडीत बाई, सोनेरी काड्यांचा चष्मा. मी कल्पनेत काढलेलं एकही नाक तिला नव्हतं. साधं, जरा लाल नाक होतं, सर्दीचं.

"तुम्ही शरयूताई," ती म्हणाली. "या ना. मी निघतच होते."

"गुप्तेबाई, बसा हो!" आतून कुंदा ओरडली. "आज मंगळवार आहे, तुमचा गुरुवार. आज आलातच कशाला, चिवडा द्यायला ना? मग देऊन बसा." आणि बाहेर आली. मला बघून दारातच थांबली. बारीक झाली होती. मीही झाले असेन, कारण ती माझ्याकडे तशीच बघत होती.

"एक दिवस उरलाय," मी म्हणाले.

"मोजलेत मीही." तिनं पदराला हात पुसले. "शरे, लावायच्या आधी ऐक. माझीही उद्याच विटली असती, तू येशील याची खात्री नव्हती म्हणून अगदी शेवटच्या दिवशी ह्यांच्याशी लावायची असं ठरलं होतं. पण गेल्या गुरुवारीच लावली. मला धीर धरवला नाही. आकडा कमी येईल. आल्यावर परत निघून जायचं असलं तर आत्ताच जा, लिफ्ट वरच आहे."

मला जावंसं वाटलं. खरंच वाटलं. शर्मिष्ठा गुप्ते भिंतीला टेकून चष्म्याच्या काचा पुसत होती, पुसून झालेल्या पुन्हा पुसत होती. टेबलावर तीन कप होते. म्हणजे दोन वापरलेले आणि एक पालथा घातलेला. तो पालथा कप कोणासाठी होता ते मी विचारलं नाही. सुनेसाठीही असेल.

मी बसले. चकत्या लावल्या. पंधरा मिनिटं कुंदाचा अंगठा माझ्या अंगठ्याशेजारी होता, नखाखाली नेहमीसारखी निळ्या खडूची रेघ. घरी बसून मी ऐंशी-ब्याऐंशी दिवस त्या काळ्या चकतीकडे टक लावून बघितलं होतं, तिनं मला काही सांगितलं नव्हतं.

आकडा उमटला. तेवीस.

शर्मिष्ठाताई हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं. मी यंत्राशी लावत जाईन. मला सवय आहे."

"दोन दिवसांनी रिक्षानं जाणार?" मी म्हणाले. "ह्या सर्दीत?" मला स्वतःचाच राग आला, पण तोंडातून निघून गेलं होतं. "राहू द्या. चिवडा तुम्ही केलाय? दाणे जरा जास्त भाजलेत."

"मी तेच म्हटलं त्यांना," कुंदा म्हणाली.

"तू कधी म्हटलंस? तुला भाजलेलेच आवडतात, मला माहितीय."

"मला नाही म्हणाल्या त्या," शर्मिष्ठाताई म्हणाल्या. "मला तर छान झालाय म्हणाल्या."

कुंदा हसायला लागली. मी हसले नाही. मी हिशेब करत होते. तेवीस दिवस म्हणजे वर्षातून पंधरा-सोळा वेळा. दोनशे अकरा होते तेव्हा तिला मला वर्षातून दोनदासुद्धा भेटावं लागत नव्हतं. आता तिला मला सोळा वेळा भेटावंच लागणार होतं, आणि दर वेळी पंधरा मिनिटं अंगठा हलवता येणार नव्हता. केंद्रातला फोटो बहुतेक खाली उतरणार. मृण्मयीला मी स्वतःच सांगेन, कोणीतरी आडून सांगण्यापेक्षा.

"पुढच्या वेळी मी येऊ की तू येतेस?" कुंदानं विचारलं.

"मीच येईन. तुझी नात लहान आहे." मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं आणि बोटांवर मोजलं. तेविसावा दिवस गुरुवार पडत होता, शर्मिष्ठाताईंचा.

"बाविसाव्या दिवशी येते," मी म्हणाले. "बुधवारी."